डाव्या गुडघ्यापाशी ठेवलेला स्पीकर

आपल्या मंडळाच्या गणपतीत स्पीकर लावायचं काम माझ्याकडे असतं. त्यामुळे दर वर्षी कुणीतरी काकू विचारतात, "तू डीजे आहेस ना गं?" मी "हो, तसंच काहीतरी" म्हणते आणि वायर गुंडाळायला लागते. यंदा हे आपल्या अंकाच्या संपादक कुलकर्णी काकूंनी ऐकलं. त्या म्हणाल्या, "तसंच काहीतरी म्हणजे काय, ते लिहून दे." मी नाही म्हटलं. माझी शाळा इथली, टोकियोतली, इंग्रजी माध्यमाची. मराठी लिहायला-वाचायला आईने हिगाशी-कसाईच्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलावर शिकवलं, आणि मी ते बरंचसं रडत शिकले. काकू म्हणाल्या, "शुद्धलेखन मी बघते. तू फक्त घाबरू नकोस." घाबरणं हा माझ्या कामाचाच भाग आहे, त्यामुळे तेवढं वचन मी देऊ शकले नाही.

तर, मी एका लहान साऊंड कंपनीत आहे. गाण्याच्या कार्यक्रमात दोन वेगळे आवाज चालू असतात, हे बाहेरच्या माणसाला सहसा माहीत नसतं. एक प्रेक्षकांसाठी. तो हॉलच्या मागे बसलेला इंजिनिअर सांभाळतो; आमच्याकडे मोरी-सान, माझे वरिष्ठ. दुसरा फक्त कलाकारासाठी. मोठे स्पीकर प्रेक्षकांकडे तोंड करून असतात, त्यामुळे गाणाऱ्याला स्वतःचंच गाणं धड ऐकू येत नाही. म्हणून त्याच्या पायाशी तिरपे काळे स्पीकर ठेवतात. त्यांना मॉनिटर म्हणतात. त्यांतून त्याला काय आणि किती ऐकू यावं, हे मी ठरवते. मी स्टेजच्या कडेला, पडद्याआड बसते. काम चांगलं झालं तर मी तिथे होते हे कुणाला कळत नाही. मला हे फार सोयीचं आहे.

काम बिघडलं तर मात्र सगळ्यांना कळतं. माईकने स्पीकरचा आवाज पकडला, तो परत स्पीकरमधून आला, परत माईकने पकडला, की एक किंचाळी उठते. आपल्याकडे लग्नात 'हॅलो हॅलो'च्या आधी येते तीच. इथे तिला हाउरिंग म्हणतात. लग्नात लोक कानावर हात ठेवून हसतात. इथे दुसऱ्या दिवशी आमची कंपनी ओळीने जाऊन आयोजकांसमोर कमरेत वाकून येते.

कलाकारांना आवाजाबद्दल जे सांगायचं असतं ते कुठल्याच यंत्रावर लिहिलेलं नसतं. एक बाई दर वेळी म्हणायच्या, "आज जरा ओला करा." एका सेलोवाल्याला आवाज 'कमी तरुण' हवा होता. एका वयस्क गायकाने मला त्यांच्या आईच्या स्वयंपाकघरातून यायचा तसा आवाज मागितला. मी दोन बटणं फिरवली, त्यांनी डोळे पुसले. काय फिरवलं ते मला आजही सांगता येणार नाही. पण या सगळ्यांना निदान ऐकू येत होतं.

सेउ एवारिस्तोंचा कार्यक्रम टोकियोजवळ त्सुकुबा शहरातल्या हॉलमध्ये, जुलैमधल्या रविवारी दुपारी होता. ब्राझीलचे ते. ऐंशीच्या घरातले. स्टुलावर बसून एकटे गिटार वाजवतात आणि शेजारच्या माणसाशी बोलावं तेवढ्याच आवाजात गातात. 'सेउ' हे आपल्या 'राव'सारखं. त्यांच्या माणसांत कुणी नुसतं एवारिस्तो म्हणत नाही. असा कार्यक्रम बाहेरचे लोक सोपा समजतात. दोनच तर माईक. खरं म्हणजे तोच सगळ्यांत अवघड. ड्रमच्या मागे चूक लपते, इथे लपायला जागा नसते.

मॉनिटरला बसायचं मोरी-साननी मला सांगितलं.

"मी? एकटी?"

"तू शांत आहेस," ते म्हणाले. यापलीकडे ते कारण देत नाहीत.

कारण मला मित्सुए-सानकडून कळलं. मित्सुए-सान म्हणजे सेउ एवारिस्तोंच्या दुभाषी. वंशाने जपानी, जन्म साओ पाउलोचा. लहानपणी आईवडिलांबरोबर इथे आल्या, आणि आईवडील गाड्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात लागले. बोलतात जपानीत, पण हात मात्र पोर्तुगीजमध्येच चालतात. त्या म्हणाल्या, "आधीच्या दोन शहरांत त्याने मॉनिटरवाल्यांना घालवून दिलं. तुमच्या साहेबांचा हिशेब असा, की पोरगी पाहून म्हातारा गप्प बसेल."

"बसतील?"

"त्याने एका मंत्र्याच्या बायकोला हॉलबाहेर काढलंय. ती खोकली होती."

सेउ एवारिस्तो आले ते स्वतःची गिटार स्वतः उचलून. बुटकेसे, इस्त्रीचा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, पायात चपला. मला वाटलं होतं त्याहून ते खूपच आजोबा होते. आल्याआल्या त्यांनी वर बोट दाखवलं. एसी बंद करा. हॉलचे व्यवस्थापक हसून म्हणाले, जुलै आहे, नऊशे माणसं येणार आहेत. मित्सुए-साननी भाषांतर केलं. सेउ एवारिस्तोंनी बोट तसंच ठेवलं. एसी बंद झाला.

बंद झाल्यावर कळलं की तो चालू होता. छताकडून येणारी घरघर गेली आणि हॉल एकदम खोल झाला. ते थोडं हसले. पुष्कळ वर्षांपूर्वी ते पहिल्यांदा जपानला आले होते, तेव्हापासून इथली शांतता हा त्यांचा आवडता विषय. त्यांच्याकडे लोक गायकाबरोबर गातात, मध्येच शाबासकी देतात, टेबलावर ठेका धरतात. इथे लोक तोंड मिटून ऐकतात, याचं त्यांना त्या वेळी इतकं अप्रूप वाटलं की घरी जाऊन महिनाभर तेच सांगत होते, असं मित्सुए-सान म्हणाल्या.

मग ते स्टुलावर बसले, थोडं वाजवलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "माइस." जास्त.

मी मॉनिटर वाढवला.

"माइस."

परत वाढवला. माझ्या कानातल्या इंटरकॉमवर मोरी-सान आले. "आपटे-सान, स्टेजवरचा आवाज हॉलमध्ये सांडतोय. खाली घे."

मी खाली घेतला. "माइस." वर. "आपटे-सान." खाली. मग मी आवाज न वाढवता फक्त त्याची वरची बाजू वाढवली. म्हणजे तारेवर नख घासल्याचा, 'स' आणि 'च' उच्चारल्याचा तो बारीक, धारदार भाग. मुद्दाम जास्त वाढवला. कुठलाही गायक दचकला असता. ते दचकले नाहीत. त्यांनी 'कमी' म्हटलं नाही, 'जास्त' म्हटलं नाही. त्यांच्यासाठी काही घडलंच नव्हतं.

त्यानंतर त्यांनी तारा जुळवायला घेतल्या. डोळे मिटले, मान वाकवली आणि जबड्याचं हाड गिटारच्या वरच्या कडेला टेकवलं. एक तार छेडायची, तसंच टेकून राहायचं, खुंटी किंचित पिळायची. मग पुढची तार. ते कानाने तारा लावत नव्हते. हाडाने लावत होते.

मी मान वर केली तर मित्सुए-सान माझ्याकडे बघत होत्या. त्यांनी मला पडद्यामागे नेलं.

"काय पाहिलंस?"

"काही नाही."

"छान. हेच उत्तर असू दे." मग त्यांनी स्वतःच्या कानाला बोट लावलं. "उजवा पूर्ण गेलाय. डाव्यात अर्धा उरलाय, तोही खालच्या सुरांपुरता. कानात यंत्र घालत नाही. म्हणतो, त्यात गिटार बिस्किटाच्या डब्यासारखी वाजते."

"आयोजकांना माहीत आहे?"

"माहीत असतं तर बोलावलं असतं का?"

"मोरी-सानना सांगायला हवं," मी म्हटलं. इथे नोकरीला लागलं की पहिल्या आठवड्यात जे शिकवतात ते हेच. जे दिसेल ते वर कळवा, जे करायचं ते आधी विचारा. विचारल्याशिवाय केलेलं बरोबर काम हे चुकीच्या कामापेक्षा फारसं बरं मानत नाहीत.

"सांग की," मित्सुए-सान म्हणाल्या. "मग ते त्यांच्या साहेबांना सांगतील, ते त्यांच्या. पाच वाजेपर्यंत आम्ही विमानतळावर."

मी पायाशी पडलेली वायर गुंडाळायला लागले.

"नागोयाला तीन गाणी झाल्यावर तो उठून आत आला. परत गेला नाही. लोकांना तब्येतीचं कारण सांगितलं. मला म्हणाला, लोक उठून गेलेत, कुणासाठी गाऊ? मी पडद्यातून पाहिलं होतं, एकही खुर्ची रिकामी नव्हती. आज तसंच झालं तर टोकियोचे दोन्ही कार्यक्रम रद्द. ते जाऊ दे. तो परत गिटार हातात घेणार नाही. मी त्याला ओळखते."

लोक उठून गेलेत असं त्यांना का वाटावं, ते तेव्हा मला कळलं नाही. मला एवढंच सुचलं, ते केलं. उजवीकडचा स्पीकर काढून टाकला. डावीकडचा उचलून त्यांच्या डाव्या गुडघ्याच्या अगदी जवळ आणला, खाली लाकडी ठोकळा घातला आणि त्याचं तोंड त्यांच्या कानाकडे केलं. स्पीकर जवळ आला की कमी आवाज पुरतो. वरची बाजू सोडून दिली, खालची भरली. मी हे करत असताना ते माझ्या हातांकडे बघत होते. मी त्यांच्या चपलांकडे बघत होते. मग त्यांनी एक सूर वाजवला. 'माइस' म्हणाले नाहीत.

इंटरकॉमवर मोरी-सान. "डावीकडेच का?"

"त्यांना डावीकडे आवडतो."

हे खोटं नव्हतं. मोरी-सान "हं" म्हणाले. त्यांच्या 'हं'चे बरेच प्रकार आहेत. हा मला ओळखता आला नाही.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढे ती लागणार आहे. स्टेजच्या कडेला दोन माईक प्रेक्षकांकडे तोंड करून लावलेले होते. हॉलला कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग ठेवायचं होतं. टाळ्या, हॉलमध्ये घुमणारा आवाज, सगळं त्यांत येतं. त्यांची वायर माझ्या बटणांच्या टेबलातूनही जात होती. पण त्यांचा आवाज स्टेजवरच्या मॉनिटरमध्ये कधीही सोडायचा नाही, असा नियम. गाण्याच्या माईकशेजारीच अख्खा हॉल ओतला की हाउरिंग आलंच.

हॉल भरला. संशोधन संस्थांमधली माणसं, निवृत्त जोडपी, गिटार शिकणारी कॉलेजची मुलं. एसी बंद असल्याने दारात सगळ्यांना कागदी पंखे दिले होते. दिवे मंद झाले, ते येऊन बसले, आणि पंखे एकदम थांबले. पहिलं गाणं सुरू झालं.

छान चाललं होतं. गाणं संपलं, शेवटचा सूर त्यांनी तसाच झंकारत सोडला. डावा हात गिटारच्या मानेवर, बोटं तारांवर दाबलेली. सूर विरत गेला. विरला. बोटं तिथेच.

टाळ्या आल्या नाहीत.

मला पुढच्या रांगेतले लोक दिसत होते. हात मांडीवरून उचललेले, तळवे जवळ आणलेले. इथला श्रोता सुरावर पाय पडू नये म्हणून थांबतो. आवाज पूर्ण विरला, वाजवणाऱ्याने हात उचलला, की मगच टाळी. हात वाद्यावर असेपर्यंत गाणं चालू आहे. सगळे त्या हाताकडे बघत होते.

आणि सेउ एवारिस्तो वाट बघत होते. बऱ्याच वेळाने कुठेतरी मागे एक टाळी झाली, मग दोन, मग बाकीच्यांनी एकमेकांना विचारल्यासारख्या वाजवल्या. त्यांनी मान तुकवली.

दुसऱ्या गाण्यानंतर हे जास्त लांबलं. तिसऱ्या गाण्यात त्यांचा उजवा हात घाई करायला लागला. शर्ट पाठीला चिकटला होता. माझ्या शेजारी उभ्या मित्सुए-सान अंगठ्याचं नख कुरतडत होत्या. "तेच," त्या पुटपुटल्या. "नागोयाला असंच सुरू झालं होतं."

तिसरं गाणं संपलं. सूर विरला. हात तिथेच. नऊशे माणसं श्वास धरून बसलेली, आणि स्टुलावर एक म्हातारा माणूस, दिव्यांच्या झोतात डोळे बारीक करून समोरच्या काळोखात बघत. त्याला काळोखात काही दिसत नव्हतं. त्याला काही ऐकू येत नव्हतं.

थोड्या टाळ्या आल्या, विरल्या. चौथं गाणं सुरू झालं नाही. त्यांनी गिटार मांडीवर आडवी केली, माईकपासून तोंड वळवलं आणि आमच्या दिशेने हलकेच काहीतरी विचारलं.

"काय म्हणतायत?"

"कुणी राहिलंय का, विचारतोय."

"सांगा ना, हॉल भरलेला आहे."

"नागोयाला सांगितलं होतं. म्हणाला, तुला पगार मिळतो, तू तेच सांगणार."

तेव्हा मला ते सगळं एकदम दिसलं, कारण मी जिथे बसते तिथूनच ते दिसतं. मागून मोरी-सानना त्यांचा चेहरा दिसत होता, लोकांचे हात नाही. लोकांना त्यांचा हात दिसत होता. मला दोन्ही. पूर्वी ते आपला सूर हॉलमध्ये शेवटपर्यंत ऐकत, तो संपला की हात उचलत, आणि हात उचलला की टाळ्या येत. आता सुराचं शेपूट त्यांना ऐकूच येत नव्हतं. गाणं संपलं हे टाळ्या सांगतील म्हणून ते हात धरून बसत होते, आणि गाणं संपलं हे हात सांगेल म्हणून लोक टाळ्या धरून बसले होते. दोघंही एकमेकांचा मान राखत होते. वर एसीची घरघरसुद्धा त्यांनी स्वतःच बंद करवलेली. जी शांतता त्यांना इतकी आवडायची, तिच्यात आता कुणीच नव्हतं.

हे त्यांना सांगून उपयोग नव्हता. त्यांना ऐकू यायला हवं होतं.

इंटरकॉमचं बटण माझ्या अंगठ्याखाली होतं. विचारायला हवं होतं. मोरी-सान काय म्हणतील ते मला माहीत होतं, आणि बरोबरच म्हणतील हेही. सेउ एवारिस्तो उठायला लागले होते. एक हात स्टुलावर टेकलेला. मी बटणावरून अंगठा काढला आणि प्रेक्षकांच्या दोन माईकची बटणं मॉनिटरकडे हळूहळू सरकवायला लागले.

आधी काहीच नाही. मग अगदी बारीक शिटीसारखं काहीतरी उगवलं. हाउरिंगचा कोंब. तो कुठल्या सुराशी उगवतोय ते शोधून तेवढाच सूर कापायचा असतो, आणि शोधायला श्वासाएवढा वेळ असतो. पहिल्यांदा चुकीचा कापला. शिटी जाड झाली. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी मान वळवली. दुसऱ्यांदा सापडला. शिटी गेली.

"आपटे-सान," इंटरकॉम. "हे काय वाजतंय?"

"मी आहे."

"बंद कर."

मला ऐकू आलं नाही, असं मी दाखवलं. हे त्या दिवशी मी कुणाकडून शिकले ते उघड आहे.

नऊशे माणसं गप्प बसलेली असली तरी हॉल गप्प नसतो. तीन गाणी पंखे धरून बसलेल्या लोकांनी, काहीतरी बिनसलंय असं वाटून, ते हलकेच हलवायला घेतले होते. ती कागदाची फडफड, कुणाचा तरी दाबलेला खोकला, खुर्चीच्या कापडावर सरकणारी पाठ, कुजबुज. हे सगळं सेउ एवारिस्तोंच्या डाव्या गुडघ्यापासून वर यायला लागलं.

ते अर्धवट उठलेले होते. तसेच थांबले. मग मान डावीकडे कलती करून, चुलीवरचं काही उकळतंय का ऐकावं तसे, स्पीकरकडे वाकले. बराच वेळ. मित्सुए-साननी माझा दंड धरला. इतक्या जोरात, की दोन दिवस तिथे निळं होतं.

ते बसले. गिटार उभी केली. गाणं सुरू केलं नाही. नुसता एक भरलेला सूर वाजवला आणि सोडून दिला. पंखे थांबले. तो सूर हॉलभर फिरून दोन माईकमधून परत त्यांच्या गुडघ्याशी आला, बारीक होत गेला, संपला. त्यांनी डावा हात तारांवरून उचलला.

आणि हात उचलल्याबरोबर त्सुकुबाच्या त्या शिस्तीच्या लोकांनी, त्या एका सुराला, कडकडून टाळ्या वाजवल्या.

त्यांचं तोंड उघडं राहिलं. मग ते हसले. मग लोक हसले. त्यांनी परत एक सूर वाजवला, हात उचलला, परत टाळ्या. मित्सुए-सान एका हाताने डोळे पुसत होत्या आणि दुसऱ्याने त्यांना 'पुरे, गा आता' अशी खूण करत होत्या.

माझं काम तिथून खरं सुरू झालं. ते गात असताना माईक उघडे ठेवले तर शिटी येणार. बंद ठेवले तर शेवटी ते परत एकटे पडणार. म्हणजे प्रत्येक गाणं संपायच्या बेताला असताना हॉल वर आणायचा, टाळ्या झाल्या की खाली न्यायचा. गाणी मला माहीत नव्हती, भाषाही येत नव्हती. शेवट जवळ आला की त्यांचा उजवा खांदा जरासा खाली जातो, हे त्यानंतरच्या दुसऱ्या गाण्याला माझ्या लक्षात आलं. पुढची सगळी दुपार मी त्या खांद्यावर नजर लावून बसले. आईने घरी गेल्यावर विचारलं, "काय काय गायले गं?" मला एकही गाणं सांगता आलं नाही. याचं मला वाईट वाटतं. त्या हॉलमध्ये पूर्ण कार्यक्रमभर त्यांच्या सगळ्यांत जवळ मी होते, आणि बहुतेक ऐकलं नाही ते मीच.

शेवटचं गाणं मात्र आठवतं. म्हणजे त्याचा शेवट. खांदा खाली गेला, मी हॉल वर आणला. सूर विरला. हात तिथेच. मला वाटलं, आवाज कमी पडतोय. मी आणखी वर नेलं. शिटी उगवायच्या बेतात होती. हात तिथेच. मग मला त्यांचा चेहरा बाजूने दिसला. ते मिस्कील हसत होते. त्यांना सगळं ऐकू येत होतं. नऊशे माणसं त्यांच्या बोटांवर श्वास टांगून बसली होती, आणि ते ती श्वास धरलेली माणसं ऐकत होते. पूर्वी ऐकायचे तशी. सोडवत नव्हतं त्यांना. मी बटणावर बोट घट्ट ठेवून मनात म्हणत होते, आजोबा, उचला आता.

त्यांनी उचलला.

सगळं आवरत असताना मोरी-सान मागून चालत आले. माझ्या टेबलाशी उभे राहिले.

"मी बंद कर म्हटलं होतं."

"हो."

"आधी विचारलं असतंस, तर मी नाही म्हटलं असतं."

"हो."

त्यांनी डाव्या स्पीकरकडे पाहिलं, ठोकळ्याकडे पाहिलं, स्टुलाकडे पाहिलं. ते किती समजले ते मला माहीत नाही. "पुढच्या वेळी आधी विचार," ते म्हणाले. थोडं पुढे गेले, थांबले. "टोकियोला ते दोन माईक अजून पुढे लावू. शिटी कमी येईल."

टोकियोचे दोन्ही कार्यक्रम झाले. त्यानंतर सेउ एवारिस्तो परत जपानला आले नाहीत. अजून वाजवतात, असं मित्सुए-सान कळवतात. घरी, पुतण्याच्या मुलांसमोर. ती पोरं मध्येच ओरडतात, त्यामुळे काही अडचण येत नाही.

पण त्सुकुबाची ती संध्याकाळ. गाडी दाराशी लागली होती. सेउ एवारिस्तो गिटार घेऊन माझ्या टेबलापाशी आले आणि थांबले. मी उठून वाकले. इथे वाकायची इतकी सवय झाली आहे की समोरच्याचा चेहरा बघायचं राहूनच जातं. त्यांनी माझ्या टेबलावर बोटाने दोनदा टकटक केलं, म्हणून मान वर केली. ते गंभीरपणे काहीतरी लांबलचक बोलले. मित्सुए-सान ऐकत होत्या आणि त्यांचा चेहरा भाषांतर करण्याजोगा राहिला नव्हता.

"काय म्हणतायत?" मी विचारलं. मला वाटलं, आभार. किंवा तक्रार.

"म्हणतोय, पुढे डावीकडे कुणाचं तरी पोट शेवटपर्यंत गुरगुरत होतं. उद्यापासून लोकांना जेवून यायला सांगा."

मी मान डोलावली. मलाही ऐकू आलं होतं.